वाढवलेला वेग आणि बिघडलेला पाठ

जुन्या संगणकाच्या प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने पळवणे, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी चर्चेला घ्यावा असा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. हा हार्डवेअरवाल्यांचा प्रांत, त्यात मराठीच्या प्राध्यापकांनी कशाला डोकावावे, असेही कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. ज्या यंत्रावर आपण संहिता साठवतो, शब्दसंग्रह सिद्ध करतो, प्रबंध लिहितो, त्या यंत्राचा वेग वाढवल्यावर त्या संहितेचे काय होते, हा प्रश्न जितका हार्डवेअरचा आहे तितकाच पाठचिकित्सेचा आहे. आणि पाठचिकित्सा हा निःसंशय आपला प्रांत आहे.

निमित्त असे. आमच्या मराठी विभागात १९९९ साली सुटे भाग जुळवून घेतलेला एक संगणक अद्याप चालू स्थितीत आहे. तो हौसेखातर जपलेला नाही. वऱ्हाडी बोलीतले शब्द, म्हणी आणि शेतीची परिभाषा यांच्या काही हजार नोंदी त्यावर आहेत. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी गावोगाव हिंडून, वृद्ध माणसांच्या तोंडून ऐकून त्या टिपल्या. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. या नोंदी युनिकोडपूर्व काळातल्या एका फॉन्टमध्ये आहेत, आणि तो फॉन्ट ज्या प्रणालीत उघडतो ती प्रणाली संगणकाच्या पाठीमागच्या पोर्टला लावायच्या एका कुलपाशिवाय सुरूच होत नाही. फायलींच्या प्रती अन्यत्र आहेत. पण त्या वाचू शकणारे यंत्र हे एकच. म्हणजे पुढच्या अभ्यासकांच्या हाती जो पाठ जाणार, तो याच यंत्रातून बाहेर पडणार. काम संथपणे चालले आहे. ते पाहून एका माजी विद्यार्थ्याने सुचवले, "सर, याचा प्रोसेसर सेलेरॉन ३००ए आहे. बायॉसमध्ये एक आकडा बदलला की साडेचारशेवर पळेल. काम दीडपट वेगाने होईल." सूचना सद्भावनेची होती आणि प्रोसेसरविषयीचे आकडेही बरोबर होते. तरीही आम्ही ती स्वीकारली नाही. त्यामागची कारणे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. कारण असे संगणक आणि असे संग्रह केवळ आमच्याच विभागात असतील असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम, प्रोसेसरचा वेग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरमध्ये एक ठोका अखंड पडत असतो. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीस कोटी ठोके. दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे ३.३३ नॅनोसेकंद. एका ठोक्याला सुटलेला विद्युत्संकेत पुढच्या ठोक्याच्या आत सूक्ष्म स्विचांच्या साखळीतून जाऊन आपल्या जागी स्थिर व्हावा लागतो. वेग ४५० मेगाहर्ट्झ केला की हेच अंतर सुमारे २.२२ नॅनोसेकंदांवर येते. बहुतेक संकेत तेवढ्यातही पोचतात. पण ज्या संकेताची वाट सर्वांत लांब, त्याला उशीर होण्याचा धोका असतो; आणि त्याच्या जागी त्या क्षणी जे अर्धवट असेल तेच पुढचा टप्पा खरे मानून उचलतो.

वर्गातले उदाहरण घ्यायचे तर शुद्धलेखनाचे घेता येईल. गुरुजी वाक्य सांगतात, मुले लिहून घेतात. सांगण्याचा वेग वर्गातल्या सर्वांत मंद हाताला झेपेल इतका असतो तोवर सारे ठीक असते. वेग वाढवला की चपळ मुले टिकून राहतात. मंद हाताचा मुलगा मात्र एखादी वेलांटी, एखादा अनुस्वार सोडून पुढच्या वाक्याला लागतो. तो हात वर करून "गुरुजी, राहिले" असे म्हणत नाही. वही तपासल्याशिवाय चूक कळत नाही. संगणकात ही वही तपासणारे फारसे कोणी नसते, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

मग हा नेमून दिलेला वेग ठरतो कसा? एकाच चकतीवर घडवलेले प्रोसेसर सारखे निपजत नाहीत. त्यांची चाचणी होते आणि जो ज्या वेगाला, ठरावीक तापमानात आणि ठरावीक व्होल्टेजवर, खात्रीने टिकतो त्यावर त्या वेगाचा शिक्का बसतो. यात बाजारपेठेचाही हात असतो. स्वस्त मालाला मागणी जास्त असली की अधिक वेगाला टिकणाऱ्या प्रोसेसरवरही कमी वेगाचा शिक्का मारून तो विकला जातो. ऑगस्ट १९९८ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या चकतीवरच १२८ केबीची कॅश होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे. त्याचा बाह्य ठोका ६६ मेगाहर्ट्झचा आणि त्यास साडेचारने गुणून आतला वेग ३०० होई. हा गुणक कुलूपबंद होता. परंतु त्याच काळातल्या ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डवर बाह्य ठोका अधिकृतपणेच १०० चा ठेवता येत असे. शंभर गुणिले साडेचार म्हणजे साडेचारशे. अबिटच्या बीएच६ सारख्या बोर्डावर तर जंपर हलवण्याचीही गरज नव्हती, बायॉसमधल्या एका पानावर हे काम होई. कितीतरी महाग असलेल्या पेंटियम २ च्या बरोबरीचा वेग स्वस्तातल्या प्रोसेसरमधून अशा रीतीने मिळू लागला आणि ३००ए हा जगभरच्या हौशी लोकांत दंतकथेचा विषय झाला.

दंतकथेत अडचणी गाळल्या जातात, तसे येथेही झाले. गुणक कुलूपबंद असल्यामुळे वाढवायचा तो बाह्य ठोकाच. आणि हा ठोका एकट्या प्रोसेसरचा नसतो. रॅम त्यावर चालते, ग्राफिक्स कार्डाची एजीपी वाहिनी त्यावरून ठरते, आणि जिच्यावर इतर कार्डे व हार्ड डिस्कचा नियंत्रक अवलंबून असतो ती पीसीआय वाहिनीही त्याच ठोक्याला भागून मिळते. पीसीआयचा विहित वेग ३३ मेगाहर्ट्झ. बाह्य ठोका ६६ असताना दोनने भागले की ३३ मिळतात. १०० असताना तीनने भागले की पुन्हा ३३. परंतु पुष्कळांचा प्रोसेसर शंभरावर टिकत नसे, म्हणून ते मधल्या पायऱ्यांवर थांबत. ठोका ७५ ठेवला तर प्रोसेसर ३३७ वर जाई खरा, पण दोननेच भागले जात असल्यामुळे पीसीआय ३७.५ वर जाई. ८३ ठेवला तर ४१.५ वर. म्हणजे विहित वेगाच्या सव्वापट. अशा वेळी प्रोसेसर सुखरूप राहून हार्ड डिस्कवर लिहिला जाणारा मजकूरच बिघडू शकतो. डोकेदुखीवर औषध घ्यावे आणि पोट बिघडावे, तसा हा प्रकार. उपचार एका अवयवावर आणि परिणाम दुसऱ्यावर, त्यामुळे निदानही चुकते. डिस्क खराब झाली म्हणून माणूस नवी डिस्क आणतो आणि तीही खराब करून घेतो.

दुसरी अडचण उष्णतेची. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी चल वीज ठोक्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाढीव वेग टिकावा म्हणून व्होल्टेज थोडे चढवणे ही हौशी मंडळींची नित्याची युक्ती. ३००ए चे विहित व्होल्टेज २.० होते. ते २.२ केले आणि वेग दीडपट केला, तर वर्गाचा हिशेब १.२१ आणि त्यास दीडने गुणून १.८ च्या वर. वेग वाढला निम्म्याने, उष्णता वाढली सुमारे ऐंशी टक्क्यांनी. प्रोसेसर तापला की त्याचे स्विच मंदावतात, म्हणजे ज्या ३.३३ नॅनोसेकंदांतून आपण एक नॅनोसेकंद कापून घेतला त्यातली उरलीसुरली सवडही उष्णता खाऊन टाकते. शिवाय वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांमुळे आतल्या धातूच्या सूक्ष्म तारांतले अणू विद्युत्प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत जातात. आज टिकलेला वेग दोन वर्षांनी टिकत नाही तो यामुळेही.

या साऱ्या गोष्टी नव्या यंत्राविषयी खऱ्या आहेत. जुन्या यंत्राविषयी अधिक खऱ्या आहेत. पंचवीस वर्षांच्या मदरबोर्डावरचे कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस थकलेला असतो, पंख्यात धूळ बसलेली असते, प्रोसेसर आणि उष्णताशोषक यांच्यामधली लेपवजा पेस्ट कोरडी पडलेली असते. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा वातानुकूलित खोलीत घेतलेले असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो. खोलीचे तापमान जेवढ्याने चढेल, साधारण तेवढ्यानेच प्रोसेसरचेही चढते. जानेवारीत तपासून खात्रीचा ठरवलेला वेग मे महिन्यात खात्रीचा राहतोच असे नाही. तिसरी एक बारीक अडचण केवळ जुन्या प्रणालींची. त्यांतल्या कित्येक वेळेची मोजणी प्रोसेसरच्या रिकाम्या फेऱ्या मोजून करत. टर्बो पास्कलमध्ये केलेले प्रोग्रॅम सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडत, आणि एएमडीच्या के६-२ प्रोसेसरवर ३५० मेगाहर्ट्झपासून पुढे विंडोज ९५ सुरूच होईना म्हणून वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती. मागच्या पोर्टला लावलेल्या कुलपाशी संवाद साधणारी प्रणाली असल्या मोजणीवर विसंबून असेल, तर वेग वाढवताच तिला कुलूप दिसेनासे होण्याचीही शक्यता असते.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की काही बिघडलेच तर संगणक अडकेल, निळा पडदा दिसेल. मग वेग एक पायरी खाली आणावा आणि पुढे चालावे. आमच्या मते मूळ गैरसमज येथेच आहे. अडकणारा संगणक हा या साऱ्या प्रकारातला त्यातल्या त्यात प्रामाणिक संगणक होय. त्याने निदान हात वर केला. भीती बाळगायची ती न अडकता चुकणाऱ्या संगणकाची.

हे काल्पनिक नाही. इंटेलने ३१ जुलै २००० रोजी १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच परत बोलावला. तो सुरू होत असे, चालत असे, बरीचशी कामे पार पाडत असे. परंतु काही समीक्षकांना त्यावर लिनक्सचे कर्नल कंपाइल करणे तडीस नेता येईना. खुद्द निर्मात्याच्या चाचण्यांतून सुटलेला दोष एका लांब, किचकट कामात उघडा पडला. २००५ साली मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी लिहिलेला अनुभवही उद्बोधक आहे. ग्राहकांकडून येणाऱ्या बिघाडांच्या अहवालांत काही असे होते, की प्रोसेसरमधला एक कप्पा शून्य करण्याची साधी आज्ञाच फसलेली दिसे. या आज्ञेत फसण्यासारखे काही नसते. चौकशी करता अशा अनेक संगणकांचा वेग वाढवलेला निघाला. आणि त्यांतल्या काही मालकांना त्याचा पत्ताच नव्हता, दुकानदाराने परस्पर वेग वाढवून संगणक विकले होते. पुढे २०११ साली मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेग वाढवलेल्या संगणकांत प्रोसेसरचे बिघाड लक्षणीयरीत्या अधिक, आणि विहित वेगापेक्षा कमी वेगाने चालवलेल्या संगणकांत ते कमी, असे त्यांना आढळले. अलीकडे २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत प्रमाणाबाहेर व्होल्टेजमुळे अस्थिरता आल्याचे कंपनीने मान्य केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. त्या प्रकरणात कित्येक खेळ बंद पडताना 'ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे' असा संदेश देत. दोष प्रोसेसरचा आणि आळ ग्राफिक्स कार्डावर! चुकणारे यंत्र आपल्या चुकीविषयीही चुकीचेच सांगते, असे याचे तात्पर्य.

तपासण्या उपलब्ध आहेत, हे खरे. मेमटेस्ट८६ रॅमची परीक्षा घेतो. मूलतः प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम९५ प्रोसेसरला तासन्‌तास गणिते घालून उत्तरे आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. या चाचण्या उपयुक्त आहेत. परंतु चाचणीत चूक सापडली तर यंत्र सदोष आहे एवढे सिद्ध होते. सापडली नाही तर यंत्र निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही. त्या दिवशी, त्या तापमानात, त्या गणितांत ते चुकले नाही, इतकेच. आणि ज्या ईसीसी प्रकारच्या रॅममध्ये बिघडलेले बिट ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते ती घरगुती आणि कार्यालयीन संगणकांत सहसा नसते.

आता ही मूक चूक मराठी मजकुरात कशी दिसेल ते पाहू. जुन्या फॉन्टांचे संकेतांक निरनिराळे होते; परंतु नोंदी शेवटी युनिकोडमध्ये आणायच्या आहेत, म्हणून उदाहरण तिथलेच घेतो. युनिकोडमध्ये देवनागरी वर्ण ओळीने मांडले आहेत. 'द' आणि 'ध' यांच्या संकेतांकांत केवळ शेवटच्या एका बिटाचा फरक आहे. 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ', 'ब' आणि 'भ', 'च' आणि 'छ', 'ज' आणि 'झ' यांचेही तसेच. एक बिट उलटले की 'पूल'चा 'फूल' होतो, 'दूर'चा 'धूर', 'बात'चा 'भात'. यांतला प्रत्येक शब्द शुद्ध आणि सार्थ आहे. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली यावर बोट ठेवणार नाही. वेग वाढवल्यावर नेमके हेच बिट उलटेल असे आम्ही म्हणत नाही; बहुतेक वेळा बिघाड याहून ओबडधोबड असतो आणि फाइल उघडतच नाही. परंतु ओबडधोबड बिघाड दिसतो. न दिसणारा बिघाड असा दिसेल, एवढेच सांगायचे आहे.

वर दिलेल्या जोड्या पुन्हा एकदा पाहाव्यात. त्या सगळ्या अल्पप्राण-महाप्राणांच्या जोड्या आहेत. बोलीच्या अभ्यासात महाप्राणाचा लोप हा किती कळीचा मुद्दा असतो हे भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांना सांगायला नको. आमच्याकडे शेताच्या बांधाला 'धुरा' म्हणतात. एका बिटाने त्याचा 'दुरा' झाला, तर चाळीस वर्षांनी तो वाचणारा संशोधक त्यास टंकदोष समजणार नाही. अमुक तालुक्यात महाप्राणाचा लोप होतो अशी नोंद तो करील, कदाचित त्यावर एक शोधनिबंधही लिहील. प्रमाण मराठीतल्या मजकुरात अशी चूक संदर्भाने किंवा शब्दकोशाने सुधारता येते. बोलीतल्या शब्दाला बहुधा एकच साक्ष असते आणि ती साक्ष देणारा माणूस निघून गेलेला असतो. तेथे यंत्राची चूक आणि बोलीचे वैशिष्ट्य यांत फरक करण्याचे साधनच उरत नाही.

पाठचिकित्सेला ही गोष्ट नवी नाही. हस्तलिखितांचा अभ्यास करणारा कोणीही सांगेल, की अडाणी लेखनिकापेक्षा अर्थ जाणणारा घाईचा लेखनिक अधिक घातक. अडाण्याची चूक निरर्थक असते, म्हणून ती ओळखू येते. जाणत्याच्या हातून घाईत पडलेला पर्यायी शब्द मात्र सार्थ असतो, म्हणून तो पाठ होऊन बसतो आणि पुढच्या प्रतींत उतरत जातो. एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. कारण मधल्या तीन शतकांत लेखनिकांच्या हातून आणि जनांच्या तोंडून असे पाठ साचत गेले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे जवळजवळ अर्धे शतक चालले. शेकडो प्रती ताडून पाहता आल्या म्हणून तरी ते शक्य झाले. आमच्या संग्रहाला ताडून पाहायला दुसरी परंपरा नाही. एकाच लेखनिकाची एकच प्रत आहे, आणि तो लेखनिक म्हणजे हा संगणक. त्याला घाई करायला लावणे आम्हांस परवडणारे नाही.

एवढा धोका पत्करून लाभ तरी किती, हेही पाहिले पाहिजे. जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला साधा विचार येथे लागू पडतो: कामाच्या ज्या भागाचा वेग वाढवला, त्या भागाचा एकूण कामात वाटा जेवढा, लाभही त्याच मर्यादेत. समजा एक फाइल उघडून रूपांतरित व्हायला साठ सेकंद लागतात आणि त्यांतली दहाच सेकंदे प्रोसेसरची, उरलेली पन्नास डिस्कची व अपुऱ्या मेमरीची आहेत. प्रोसेसर दीडपट केला तर दहाची सुमारे पावणेसात सेकंदे होतील. साठाच्या जागी साडेछप्पन. वेग दीडपट वाढल्याचे समाधान मिळेल, काम मात्र शेकडा पाच-सहाने लवकर होईल. जुना संगणक मंद असण्याची कारणे बहुधा अपुरी रॅम, झिजलेली डिस्क, नको असलेले प्रोग्रॅम ही असतात. रॅम ६४ ची २५६ एमबी केली, पंखा स्वच्छ केला, तर वेग न वाढवताही काम हलके होते, आणि पाठाला धक्का लागत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही न्याय्य रीतीने मांडले पाहिजे. असंख्य लोकांनी ३००ए वर्षानुवर्षे ४५० वर चालवला आणि त्यांचे काही बिघडल्याचे त्यांना जाणवले नाही. शंभराच्या ठोक्याला पीसीआय ३३ वरच राहते, त्यामुळे मधल्या पायऱ्यांपेक्षा ते अधिक सुरक्षितही होते. शिवाय या उद्योगातून एक पिढी संगणकाच्या अंतरंगाशी परिचित झाली. गुणक मोकळा करण्यासाठी २००० च्या सुमारास एएमडीच्या प्रोसेसरवरचे बारीक पूल शिसपेन्सिलीने जोडणाऱ्या मुलांकडे कौतुकानेच पाहावे असे आम्हांस वाटते. यंत्र बंद पेटीसारखे न वापरता उघडून समजून घेण्याची ती वृत्ती होती आणि आपल्या वर्गांतून ती वृत्ती दुर्मीळ होत चालली आहे. स्वतःच्या संगणकावर, ज्यात गमावण्याजोगे काही नाही अशा संगणकावर, हा प्रयोग कोणी जरूर करावा. आजचे प्रोसेसर तर निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेत, तापमान पाहून, स्वतःच वेग वरखाली करतात.

आमचा आक्षेप प्रयोगाला नाही. प्रयोगाचे मोल कोणी चुकवायचे याविषयी आहे. खेळात प्रोसेसर चुकला तर भिंतीचा एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसतो आणि पुढच्या क्षणी पुसला जातो. संग्रहात चुकला तर ती चूक मुक्कामाला राहते. वेग वाढवणारा आणि त्या चुकीचे फळ भोगणारा, ही माणसे वेगळी असतात. चेन यांनी उल्लेखलेल्या त्या ग्राहकांप्रमाणे, सामायिक संगणकावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला त्याचा वेग कोणी वाढवला आहे हे ठाऊक नसते. संग्रहातल्या नोंदी ज्यांनी सांगितल्या त्या वृद्धांना तर विचारण्याचा मार्गच राहिलेला नाही. त्यांचे शब्द ते म्हणाले तसेच ठेवू, या विश्वासावर त्यांनी ते आमच्या स्वाधीन केले. ज्यांची संमती घेता येत नाही त्यांच्या ठेवीवर जोखीम घेऊ नये, हा व्यवहारातला जुनाच नियम आहे.

तेव्हा ज्या विभागांत, ग्रंथालयांत, संस्थांत असे जुने संगणक आणि त्यांत असे एकमेव संग्रह असतील, त्यांनी बायॉसमध्ये शिरून ठोका विहित वेगावर आहे ना, एवढे प्रथम पाहून घ्यावे. कारण तो पूर्वीच कोणी वाढवून ठेवलेला असू शकतो. फायलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. एकच फाइल दोन वेगळ्या दिवशी रूपांतरित करून दोन्ही निकाल अक्षरशः ताडून पाहावेत. फरक निघाला तर यंत्रावर विसंबू नये. हे काम शक्य तो हिवाळ्यात करावे. आमच्या हिशेबाने आमचे रूपांतर आणखी एक हिवाळा घेईल. वेग वाढवला असता तर कदाचित दोन आठवडे आधी संपले असते. पंचवीस वर्षे वाट पाहिलेल्या शब्दांना त्या दोन आठवड्यांची घाई असेल असे आम्हांस वाटत नाही.